मावशींच्या खोलीत आणखी काय ठेवावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या 81 वर्षांच्या मावशींच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि आता त्यांना एकटे राहता येणार नाही असे ठरल्यावर तुम्ही त्यांच्यासाठी साहाय्यित निवासात खोली घेतली. म्हणजे राहायला स्वतःची खोली, आणि आंघोळ, औषधे, जेवण यांसाठी हाकेच्या अंतरावर माणसे. मावशी रुग्णालयात असतानाच तुम्ही भावंडांनी ती साधारण 12 बाय 14 फुटांची खोली सजवली. भिंतीशी जुळणारे फिक्या रंगाचे पडदे, त्याच छटेची चादर, पलंगापाशी मऊ गालिचा, बटण दाबले की मागे कलणारी नवी खुर्ची, आणि घरातल्या लहान मुलांची अलीकडची छायाचित्रे. तीन आठवडे झाले तरी मावशी ‘मला घरी कधी नेणार?’ असे रोज विचारतात, त्यांची पिशवी भरलेलीच पलंगाच्या पायथ्याशी आहे, आणि संध्याकाळी त्या जरा गोंधळतात. खोली घरासारखी वाटावी म्हणून आणखी काय आणावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारपणानंतर किंवा म्हातारपणात माणसाला आपली रोजची कामे जमतील तितकी स्वतः करता यावीत, म्हणून त्याची जागा, त्याच्या वस्तू आणि त्याच्या सवयी यांचा मेळ घालून देणे हे माझे काम, आणि गेली बावीस वर्षे ते मी प्रामुख्याने वृद्धांसोबत करते आहे. त्या अनुभवावरून माझे पहिले उत्तर असे की, सध्या काहीही आणू नका. तुमच्या वर्णनात खोलीत कमतरता कशाचीच दिसत नाही. अडचण एवढीच दिसते की ती मावशींच्या गैरहजेरीत पूर्ण झाली. सगळे ठरून, लावून, आवरून झालेल्या खोलीत जो माणूस राहायला येतो, तो तिथे पाहुण्यासारखाच वागतो, आणि पाहुण्याची पिशवी भरलेलीच असते. तुम्ही हे प्रेमाने केले यात मला शंका नाही. माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे नेमके हेच करतात, कारण रुग्णालयातून घरी सोडण्याची तारीख ठरते, हातात चार दिवस असतात, आणि त्या चार दिवसांत काळजी करत बसण्यापेक्षा पडदे निवडणे सोपे जाते.

पुढे जाण्यापूर्वी, मी जे सांगणार आहे त्यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करायला हवे. मावशींची स्मरणशक्ती कितपत शाबूत आहे, हा सर्वांत मोठा मुद्दा. संध्याकाळचा गोंधळ शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे राहणारा असू शकतो, औषधांमुळे असू शकतो, मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे असू शकतो, किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असू शकते. तो कशामुळे आहे हे डॉक्टरांनी पाहिलेच पाहिजे, खोलीची मांडणी हा त्यावरचा उपचार नाही. दुसरे, त्यांची नजर आणि श्रवण कसे आहे. तिसरे, इथे येण्याचा निर्णय त्यांनी घेतला, त्यांना विचारून घेतला, की त्यांना सांगण्यात आला. आणि चौथे, निवासाचे नियम. मी असे गृहीत धरते की मावशी बहुतांशी भानावर आहेत, वॉकर घेऊन चालतात आणि आपले मत सांगू शकतात.

तीन आठवड्यांविषयी एक खुलासा. घर सुटल्यावर येणारी अस्वस्थता, झोप उडणे, भूक मंदावणे, चिडचिड किंवा गप्प होणे, ही इतकी परिचित गोष्ट आहे की परिचारिका (नर्स) वापरतात त्या निदानांच्या अमेरिकेतील यादीत ‘स्थलांतराचा ताण’ असे स्वतंत्र निदान 1992 पासून आहे. माझ्या पाहण्यात बहुतेकांना सैल व्हायला दोन-तीन महिने लागतात, काहींना त्याहून अधिक. त्यामुळे तीन आठवड्यांनी निकाल लावण्याची घाई नको. मात्र तीन महिने नुसते वाट पाहण्यातही घालवू नयेत.

मावशींच्या हाती काही ठरवण्याचा अधिकार देणे याला मी इतके महत्त्व का देते, त्याला एका जुन्या प्रयोगाचा आधार आहे. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1976 साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्ध-शुश्रूषागृहात दोन मजल्यांवरच्या रहिवाशांची तुलना केली. एका मजल्यावर सांगितले गेले की खोलीतले सामान कसे लावायचे, चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा, हे तुम्ही ठरवा, आणि हे रोप घ्या, त्याची निगा तुम्हीच राखायची. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, चित्रपट दाखवले, पण तुमची सगळी काळजी कर्मचारी घेतील, रोपाला पाणीही तेच घालतील, असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक तरतरीत, अधिक मिसळणारे आढळले. गट लहान होते, म्हणून या प्रयोगावर फार मोठी इमारत उभी करू नये असे मला वाटते. पण दोन्ही मजल्यांवर वस्तू जवळजवळ सारख्याच होत्या, फरक होता तो कोण ठरवते याचा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तुम्ही मावशींच्या खोलीत एक रोप ठेवले असेल आणि त्याला पाणी घालण्याचे काम सेविकेला सांगितले असेल, तर ते रोप म्हणजे शोभेची वस्तू झाली.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. पहिले काम निवासात नाही, मावशींच्या जुन्या घरात आहे, आणि ते घर अजून आवरलेले नसेल तर तुम्ही सुदैवी आहात. तिथे जाऊन एक तास नुसते बसा. त्या कुठे बसत, त्या जागेवरून त्यांना काय दिसे, चष्मा काढून कोणत्या हाताला ठेवत, पलंगावरून कोणत्या बाजूने उतरत, दिव्याचे बटण कुठे होते, सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटे त्या काय करत, हे आठवा आणि कागदावर मांडा. आठवत नसेल तर त्यांनाच विचारा. हा प्रश्न विचारला जाणे त्यांना बहुधा आवडेल. वर्षानुवर्षे एका घरात राहिलेल्या माणसाचे हात डोळ्यांच्या आधी वस्तूपाशी पोहोचतात, अंधारातही बटण सापडते. नव्या खोलीत तोच हात दिवसातून पन्नास वेळा रिकाम्या हवेत जातो, आणि प्रत्येक वेळी त्याला कळते की हे आपले घर नाही. आपण मात्र भिंतीवर काय लावावे याचाच विचार करत बसतो.

याचे एक उदाहरण देते. एक वृद्ध शिंपीकाका नव्या खोलीत रात्रभर जागे असत, सकाळी चिडलेले असत, आणि मुलगा म्हणे की बाबांना इथे करमत नाही. झोपेच्या गोळीचा विषय निघाला होता. मी त्यांना घरच्या पलंगाविषयी विचारले, तेव्हा कळले की पन्नास वर्षे ते डाव्या बाजूने उतरत आले होते, आणि इथे पलंगाची डावी बाजू भिंतीला टेकवलेली होती. रात्री लघवीला उठताना ते आधी भिंतीवर आपटत, मग घाबरून पूर्ण जागे होत. आम्ही पलंग फिरवला आणि उशाशी घरी होते तसे स्टूल ठेवले. त्यांचे घरपण परत आले असा दावा मी करणार नाही, पण झोप परत आली, आणि झोपलेल्या माणसाशी बाकीच्या गोष्टी बोलता येतात.

खुर्चीबाबत माझे मत जरा कठोर आहे. बटणावर कलणारी नवी खुर्ची परत करता येत असेल तर करा, आणि मावशींची जुनी खुर्ची आणा. एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे अशीच महागडी खुर्ची होती. बटणांचा धाक बसल्यामुळे त्या दिवसभर पलंगावर बसत, आणि पलंगावर बसून आलेल्यांचे स्वागत करणाऱ्या माणसाला कुणी घरधनीण समजत नाही, रुग्णच समजते. त्यांची जुनी हातांची खुर्ची आणली, तिच्या पायांखाली 7 सेंटिमीटरचे पक्के बसवलेले ठोकळे दिले, आणि त्या आपसूक तिच्यात जाऊन बसल्या. जुन्या खुर्चीची तपासणी मात्र करायला हवी. तिला भक्कम हात असावेत, बसल्यावर तळपाय जमिनीवर पूर्ण टेकावेत, आणि गुडघे खुब्यापेक्षा वर जाऊ नयेत; बऱ्याच जणांना 45 ते 50 सेंटिमीटर उंचीची बैठक सोयीची पडते, पण नेमकी उंची मावशींच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या मापावर ठरते. खुब्याच्या काही शस्त्रक्रियांनंतर खोल किंवा बुटक्या आसनावर बसण्यास काही काळ मनाई असते, तेव्हा त्यांच्या फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय खुर्ची बदलू नका.

खुर्ची खिडकीशी ठेवा. रॉजर उलरिक यांचा 1984 सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. माझी त्याला एक पुस्ती आहे. झाडे चांगलीच, पण मी ज्यांना निवड दिली त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी बागेऐवजी फाटकाची बाजू मागितली, कारण तिथे कोण आले, कोण गेले, हे दिसते. ज्याला घर आहे त्याला कुणाची तरी वाट पाहायची असते.

आता रंग आणि उजेड, कारण इथे तुमच्या सुंदर निवडीनेच मावशींना अडचणीत टाकले असण्याची शक्यता आहे. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर आणि धूसर होते, आणि साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. निळा आणि हिरवा वेगळे ओळखणे अवघड होते, फिक्या छटा एकमेकांत मिसळतात. ज्या खोलीत भिंत, पडदे आणि चादर एकाच फिक्या रंगाची आहेत ती तुम्हाला शांत दिसते. मावशींना ती धुक्यासारखी दिसत असेल. पलंगाची कड कुठे संपते हे दिसत नसेल तर माणूस बसताना चाचपडतो, आणि खुब्यावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने चाचपडत बसणे धोक्याचे आहे. म्हणून पलंगावर भिंतीपेक्षा ठळक गडद रंगाचे, शक्यतो त्यांच्या घरचेच पांघरूण घाला. खुर्ची जमिनीच्या रंगाहून वेगळी दिसावी, स्वच्छतागृहातील आसन आणि भिंतीवरचा आधारदांडा पार्श्वभूमीपासून उठून दिसावा, दिव्याच्या बटणाभोवती रंगीत पट्टी लावावी. रंगसंगती बिघडेल. ती बिघडू द्यावी, असे मी म्हणते.

गालिचा उचलाच. वॉकरचे पाय त्याच्या कडेला अडकतात, आणि स्मृती किंवा दृष्टी कमी झालेल्या काही जणांना जमिनीवरचा गडद तुकडा खड्ड्यासारखा दिसतो, म्हणून ते तिथे थबकतात किंवा तो टाळण्यासाठी वाकडे वळतात. पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंतची वाट सुमारे 90 सेंटिमीटर रुंद आणि पूर्ण मोकळी ठेवा. पुढे चाकांची खुर्ची लागली, तर ती वळवायला साधारण 150 सेंटिमीटर व्यासाची जागा लागते. ती आजच मोकळी सोडता आली तर उद्या सगळी खोली पुन्हा उपटावी लागणार नाही.

संध्याकाळच्या गोंधळाचा काही भाग उजेडाचा असू शकतो. सकाळी पडदे पूर्ण उघडून दोन-तीन तास दिवसाच्या उजेडात बसणे आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधीच दिवे लावणे, हे दोन्ही पाळून पाहा. अंधार झाल्यावर खिडकीची काच आरशासारखी होते, आणि त्यात हलणारी स्वतःचीच आकृती पाहून बाहेर कुणी उभे आहे असे वाटणारे वृद्ध मी पाहिले आहेत. म्हणून दिवा लावण्यापूर्वी पडदा ओढावा. डोळ्यांवर येणारा एकच प्रखर दिवा नको, दोन-तीन ठिकाणी झाकलेले मऊ दिवे हवेत, आणि त्यांतला एक पलंगावर पडल्या पडल्या मावशींच्या हाताने लागला पाहिजे. रात्रीच्या वाटेवर जमिनीलगत मंद पिवळसर दिवा पुरतो. ठळक आकड्यांचे, वार दाखवणारे घड्याळ समोर असावे. त्यांच्या घरचे जुने टिकटिकणारे घड्याळ असेल तर तेही आणा, फक्त ते त्यांना ऐकू येते का हे आधी पाहा.

इथवर जे सांगितले ते पुन्हा थोडक्यात : नवे काही आणू नका, जुन्या घरातल्या सवयींचा कागद करा, पलंग आणि खुर्ची त्यानुसार लावा, रंग ठळक करा, वाट मोकळी ठेवा. यानंतर छायाचित्रांकडे वळता येईल.

छायाचित्रांच्या बाबतीत माझ्या हातून सुरुवातीच्या काळात एक चूक झाली होती. एका विधुर गृहस्थांच्या मुलीने आणि मी मिळून त्यांची एक भिंत छायाचित्रांनी भरून टाकली होती, लग्नापासून नातवंडांपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दोन चौकटी काढून खणात पालथ्या ठेवल्या. पत्नीचा चेहरा रोज संध्याकाळी समोर आल्यावर त्यांना श्वास कोंडल्यासारखे होई, आणि दुसऱ्या चौकटीत ज्या भावाशी त्यांचे जन्मभर पटले नाही तो होता. आम्ही विचारलेच नव्हते. तेव्हापासून मी छायाचित्रे लावत नाही. मी पेटी मांडीवर देते, ते एकेक काढतात, बोलतात, आणि जे बाजूला ठेवतात तेच भिंतीवर जाते. या कामाला तीन दुपारी लागल्या तरी हरकत नाही, कारण त्या तीन दुपारीच मोलाच्या आहेत. अलीकडच्या मुलांची छायाचित्रे आपल्याला लाडकी असतात, पण माणसाला आयुष्याचा जो काळ सर्वांत स्पष्ट आठवतो तो साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधला असतो, असे स्मृतीचे अभ्यासक सांगतात. तेव्हा मावशींच्या तरुणपणाची, त्यांच्या आईवडिलांची, कामाच्या ठिकाणची, मैत्रिणींची चित्रे शोधा. मूळ प्रत घरी ठेवा आणि मोठी केलेली नक्कल न चमकणाऱ्या कागदावर लावा. उंचीही पाहा. आपण उभे राहून चित्रे टांगतो, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून सुमारे 110 ते 120 सेंटिमीटरवर असते. चित्राखाली मोठ्या अक्षरांत नावे लिहा, मावशींपेक्षा सेविकांसाठी अधिक; ‘ही तुमची मैत्रीण का?’ असे विचारता आले की संभाषण औषधाच्या पलीकडे जाते.

आणि एक खण अस्ताव्यस्त राहू द्या. मी हे गंमतीने म्हणत नाही. प्रत्येक घरात एक खण असतो ज्यात दोऱ्यांची गुंडी, कुठल्या तरी कुलपाची किल्ली, संपलेले पेन, सुटी बटणे, जुनी पाकिटे असतात, आणि घर हलवताना सर्वांत आधी कचऱ्यात जातो तो हाच. एका आजींनी मला सांगितले होते की नव्या खोलीत शोधण्यासारखे काही नाही. तुम्ही मावशींचा तो खण जसाच्या तसा, न निवडता, एका पेटीत भरून आणा. फक्त धारदार वस्तू आणि जुन्या गोळ्या काढा, आणि काढल्या हे त्यांना सांगा.

वासाविषयी थोडेच सांगते. घरून आणलेली उशी, अभ्रा, पांघरूण पहिल्यांदा आणताना मुद्दाम धुऊ नका. नव्या कोऱ्या कापडाला दुकानाचा वास असतो. पुढे धुण्याची वेळ येईल तेव्हा निवासाच्या सामाईक धुलाईत न देता, जमल्यास घरच्याच साबणाने घरी धुवा. सामाईक धुलाईत कपडे हरवतात हा मुद्दा आहेच, म्हणून प्रत्येक कपड्याला आतून नाव शिवलेले असावे.

आता दाराविषयी, कारण बहुतेक कुटुंबे खोलीचा विचार आतून करतात आणि दार विसरतात. आपल्या घरात कुणी न विचारता शिरत नाही. निवासात दिवसातून दहा-बारा वेळा कुणी ना कुणी आत येते, औषध देते, केर काढते, पडदा ओढते. व्यवस्थापकांशी शांतपणे बोला आणि अशी विनंती करा की दारावर टकटक करून ‘येऊ का?’ विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. आपत्कालात अर्थातच नाही. शक्य असेल तर मावशींकडे स्वतःची किल्ली असावी, आणि दाराबाहेर त्यांच्या निवडीची एखादी ओळखीची वस्तू किंवा चित्र असावे, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या दारांत आपले दार सापडते. खोलीत दुसरी खुर्चीही हवी. तुम्ही भेटायला गेलात की पलंगावर बसू नका. त्यांनी ‘बस’ म्हणेपर्यंत उभे राहा, आणि त्यांच्याकडे तुम्हाला देण्यासारखे काहीतरी असू द्या, मग ते वाचायला दिलेले मासिक असो की शिवून ठेवलेले बटण. जिथे आपण दुसऱ्याचे स्वागत करू शकतो ती जागा लवकर आपली होते.

त्या पिशवीचे काय करावे? काहीच नाही. ती त्यांच्या नकळत उपसून कपाटात लावू नका, आणि ‘अजून पिशवी भरलेलीच?’ असेही म्हणू नका. वाटेत येत असेल तर ‘मावशी, ही तुमच्या खुर्चीशेजारी ठेवू का?’ एवढे विचारा. हवे तेव्हा निघता येईल ही खात्री असलेला माणूस कधी कधी अधिक निवांत राहतो. काहींची पिशवी मी महिनाभराने हळूहळू रिकामी होताना पाहिली आहे, एकांची दोन वर्षे तशीच होती आणि त्या तरीही तिथे रमल्या होत्या.

‘मला घरी कधी नेणार?’ या प्रश्नाला ‘आता हेच तुमचे घर’ हे उत्तर देऊ नका. तुमच्या सांगण्याने ते होत नाही, आणि त्यांचा प्रश्न तुम्ही ऐकलाच नाही असे त्यांना वाटते. ‘पुढच्या महिन्यात नेऊ’ असेही, ते खरे नसेल तर, म्हणू नका. मावशी भानावर आहेत, त्यांना दिलेला खोटा शब्द लक्षात राहील आणि मग तुमच्या पडद्यांवर नाही, तुमच्यावरच विश्वास उरणार नाही. जे ठरले आहे ते सांगा, जे ठरलेले नाही ते ठरलेले नाही असे सांगा, आणि मग विचारा की घरातले काय सगळ्यात जास्त आठवते. उत्तर बहुतेक वेळा लहान आणि नेमके असते. एकदा उत्तर आले होते : ‘सकाळी दार मी उघडत असे.’ त्या बाईंसाठी आम्ही सामाईक दिवाणखान्याचे दार सकाळी सात वाजता त्यांनी उघडायचे असे ठरवून घेतले. अशी उत्तरे दुकानात मिळत नाहीत, आणि ती एका भेटीतही मिळत नाहीत. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले तर मात्र ‘घर’ म्हणजे लहानपणीचे, आता नसलेले घर असू शकते, आणि तेव्हा सत्य-असत्याचा आग्रह सोडून त्या घराविषयी बोलू देणे अधिक बरे; पण ती वेळ आली आहे असे आज धरून चालू नका.

व्यवस्थापकांना काही गोष्टी आधी विचारून घ्या : भिंतीला खिळा मारता येतो का, की चिकटपट्ट्याच वापराव्या लागतील, स्वतःचे फर्निचर आणि विजेचे दिवे चालतात का, पडद्यांच्या कापडासाठी आगप्रतिबंधक अट आहे का, पलंग हलवता येतो का, की आपत्कालीन घंटीची तार त्याच्याच जागी आहे. नियम बहुधा दिसतात तितके कडक नसतात, मात्र आधी विचारले तर. वायर लांबवून जमिनीवरून नेऊ नका, कोणी परवानगी दिली तरी.

सुरुवात एका वेळी एकाच बदलाने करा, आणि तो कोणता हे मावशींना ठरवू द्या. त्यांनी जुन्या घरातली अशी एखादी वस्तू मागितली जी तुम्हाला विद्रूप वाटते, तर तीच आधी आणा. त्यांनी काहीच मागितले नाही, तर माझी सूचना पलंगाची आहे. पण तो फिरवण्यापूर्वी रात्रपाळीच्या परिचारिकेला विचारा की मावशी रात्री किती वेळा उठतात, कोणत्या बाजूने उतरतात आणि वॉकर कुठे ठेवतात. दिवसा जाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे कधीच दिसत नाही. तिचे उत्तर आणि तुमच्या कागदावरची जुन्या घराची नोंद शेजारी ठेवली की पलंग कुठे जायला हवा हे तुम्हालाच दिसेल. नाही दिसले, तर खोलीचा साधा आराखडा, दार, खिडकी आणि स्वच्छतागृह दाखवून, मापांसह कळवा, मी पाहून सांगेन.